दादाच्या मानेवरचा काळा पट्टा

आमच्या घरात जाड एकटी मीच होते. दादाचं नुसतं पोट सुटलं होतं. काट्यावर आम्ही भाऊबहीण जवळपास सारखेच भरायचो, पण माझं वजन म्हणजे संकट आणि त्याचं म्हणजे खात्यापित्या घरची खूण. माझी सगळी चरबी कंबरेला आणि मांड्यांना. माप घेताना शिवणारी बाईसुद्धा सुस्कारा टाकायची.

तुळशीचं लग्न लागलं की आईला माझं लग्न आठवायचं आणि त्यापाठोपाठ माझं रक्त. दरवर्षी साखर तपासायला उपाशीपोटी वारज्यातल्या लॅबमध्ये जायचं. स्कूटरवरून न्यायला दादा. मी आत हात पुढे करायचे, तो बाहेर पोहे हाणायचा. रिपोर्ट दरवर्षी चांगला यायचा आणि आई म्हणायची, "पुढच्या वेळी लॅब बदलू या." दादाचं रक्त कुणी तपासलं नाही. मलाही कधी सुचलं नाही, याची आज स्वतःचीच चीड येते.

त्याच्या मानेवर मागच्या बाजूला काळपट, जाडसर पट्टा उमटला होता. दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला आई उटणं घेऊन स्वतः ती मान घासायची. "एवढा घोडा झालास, मान धुता येत नाही," म्हणायची. तो पाटावर बसून हसायचा. एका वर्षी कातडी सोलवटली, काळं मात्र तसंच राहिलं.

एक्केचाळिसाव्या वर्षी ऑफिसचा जिना चढताना तो कोसळला. अतिदक्षता विभागातून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. हार्ट अटॅक मोठा होता, साखरही बरीच वर्षं वाढलेली दिसत होती.

"मानेवरचा डाग कधीपासून आहे?"

"मळ आहे हो तो," आई म्हणाली. "घासून जात नाही."

"मळ नाही, काकू. शरीर इन्शुलिनला दाद देईनासं झालं की असा डाग येतो."

मग त्यांनी शांतपणे समजावलं. पुरुषांची चरबी बहुधा पोटात, यकृताभोवती साठते आणि तिथंच ती लवकर घात करते. बायकांची, पाळी जाईपर्यंत तरी, बरीचशी कंबर-मांड्यांवर कातडीखाली राहते, तितकी बाधत नाही. सगळ्यांचंच असं नसतं, पण पुष्कळदा असतं, असं त्या माझ्याकडे बघत म्हणाल्या.

काचेपलीकडे माझा भाऊ श्वासासाठी धडपडत होता आणि मला आनंद झाला. खरंच झाला. वीस वर्षं बोलणी खाल्ली होती मी. "ऐकलंस ना?" अशा जिंकलेल्या चेहऱ्यानं मी आईकडे वळले.

आईनं तो चेहरा नीट पाहिला.

"ऐकलं गं," ती म्हणाली. "आता त्याला वाचवायला सांग त्यांना."

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा गेला.