बोटीचा पाय

बिबवेवाडीत आमच्या गल्लीत एक दिवसाआड पाणी यायचं आणि टँकर दिसला की बायका घागरी घेऊन धावायच्या, अशा दिवसांत माझ्या वडिलांनी मोटरबोट विकत घेतली. एक जलक्रीडा केंद्र बंद पडलं होतं, तिथली ही जुनी, रंग उडालेली बोट. ट्रॉलीवरून ती दारात आली तेव्हा समोरच्या निवृत्त मास्तरांनी फाटकातूनच विचारलं, "भरती किती वाजता?" आणि उत्तराची वाट न बघता ते भाजी आणायला निघून गेले.

वडिलांचा मार्केट यार्डात कांदा-बटाट्याचा गाळा होता. रविवार म्हणजे यार्डातला सगळ्यात गर्दीचा दिवस. शनिवारची सुटी ते झोपण्यात घालवायचे. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्यांनी आईला कुठे म्हणून नेलं नव्हतं. गाळा चुलतभावाच्या हाती सोपवल्यावर हे त्यांना एकदम आठवलं. साधा माणूस अशा वेळी महाबळेश्वरची तिकिटं काढतो. यांनी बोट काढली. तिच्यात आईसाठी गुबगुबीत उशीची एक खुर्ची बसवून घेतली. आईने खुर्ची हाताने दाबून बघितली आणि अट घातली, "एकदा दोरी न लावता काठाला माघारी या, मग मी बसते."

दोरी न लावता म्हणजे दुसऱ्या कुणी ओढून न आणता. अट अगदी साधी वाटली होती.

बोट पाण्यात घालण्याआधी तिची पूजा झाली. आई लोणी काळभोरची, शेतकऱ्याची लेक. तिच्या माहेरी विहिरीवरच्या मोटरलासुद्धा हार पडतो. वडिलांनी हार बोटीच्या पुढच्या टोकाला घालायला सांगितला, तर ती म्हणाली की नुसत्या तोंडाला कशाला, जे राबतं त्याला हार. आता या बोटीत राबणारा भाग मागे होता. इंजिन आत, आणि त्याला जोडलेला एक जाड धातूचा पाय मागच्या बाजूने बाहेर पाण्यात सोडलेला. पायाच्या पोटात गिअर आणि तेल, टोकाला पंखा. त्याला स्टर्नड्राइव्ह म्हणतात हे आम्हाला फार उशिरा कळलं. घरात त्याचं नाव पायच. आईने झेंडूचा हार पंख्याच्या मागे, दांड्याला घट्ट बांधला. हार तिने स्वतः ओवला होता, गाळ्यावरच्या पोती शिवायच्या दोऱ्यात. बाजारच्या हाराचा दोरा तुटतो, असं तिचं म्हणणं.

पानशेतच्या बाजूला ओळखीच्या एका शेताला लागून धरणाचं पाणी होतं. तिथे बोट उतरवली. फुलं पाण्यावर पसरली, आईने हात जोडले, वडील निघाले. काठापासून जरा लांब गेले नाहीत तोच पायातून करकर आवाज यायला लागला. घाबरून त्यांनी इंजिन बंद केलं. शेवटी एका मच्छीमाराने आपल्या होडीला दोरी बांधून त्यांना ओढत आणलं. घरी येऊन पायातलं तेल काढलं तर ते दूध जास्त झालेल्या चहासारखं निघालं. पाण्याने आत वाट काढली होती.

दुरुस्तीला वडिलांचे जिवलग मित्र आले. मी त्यांना चाचा म्हणायचे. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या पुण्यात गेल्या होत्या आणि यार्डाजवळ त्यांचं पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान होतं. आपल्याला न समजणारं यंत्र अजून जन्मायचं आहे, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी पंखा उतरवला. त्याच्या मागे दांड्यावर तेलकट, काळपट दोऱ्याचे वेढे दिसले. चाचांचा चेहरा उजळला. पाणी आत जाऊ नये म्हणून पंपाच्या दांड्याभोवती ग्रीस लावलेली दोरी गुंडाळतात, तिला पॅकिंग म्हणतात. हा पाय बनवणाऱ्या परदेशी कंपनीनेही तेच केलंय आणि इतक्या वर्षांनी ते शाबूत आहे, याचं त्यांना भारी कौतुक वाटलं. मलाही त्यांनी बोलावून ते दाखवलं. मग नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या बाजारातून आणलेलं, पाणी अडवणारं नवं रबरी सील बसवलं, कंपनीचा दोरा आदराने जागच्या जागी ठेवला आणि वरून आपल्याकडची दोरी गुंडाळली.

पुढच्या रविवारी पुन्हा पूजा, पुन्हा हार, पुन्हा करकर आणि पुन्हा तोच मच्छीमार. चाचांनी नाना पेठेला दोष दिला, वडिलांनी चाचांना. माझे कॉलेजचे पेपर तपासायचे राहत होते, म्हणून मी दोघांनाही दिला. सील बदललं, पॅकिंग वाढलं. तिसऱ्या खेपेला मच्छीमार बोलावण्याआधीच येऊन थांबला होता. आई काठावर हाताची घडी घालून उभी. ती एक शब्द बोलायची नाही, आणि वडिलांना तेच लागायचं. परतताना बोट ओढणाऱ्या जीपमध्ये ते एकदाही मागे वळून बघायचे नाहीत, आणि माझा राग मला गिळावा लागे. बोट गेली तरी चालेल, पण ती रिकामी खुर्ची त्यांना बघवत नव्हती.

त्यानंतर चाचांनी पाय पुन्हा उघडला. दोऱ्याचा आता चांगला गुंडा झाला होता. एक वेढा सीलच्या रबरात शिरून त्याला कापत होता. चाचांनी तो चिमट्याने ओढला आणि उजेडात धरला. दोऱ्याला झेंडूची पिवळी पाकळी चिकटली होती.

"कंपनी परदेशातली ना?" ते हळूच म्हणाले. "तिथं झेंडू होतो का?"

वडिलांना सगळं कळलं. मलाही कळलं, आणि माझं डोकंच फिरलं. आत्ताच्या आत्ता आईला सांगते म्हणून मी उठले. वडिलांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

"तिला सांगायचं नाही. जन्मात कुठं नेलं नाही, आणि आता बोट तूच बिघडवलीस म्हणून सांगू?"

चाचांनीही लगेच मान हलवली. त्यांच्या पॅकिंगची गोष्टही त्यामुळे आपोआप झाकली जाणार होती.

पुढच्या रविवारी आई हार घेऊन पायाकडे निघाली तेव्हा वडील आडवे आले. जे राबतं त्याला हार ना, मग या बोटीसाठी चाचांइतकं कोण राबलंय, असं त्यांनी बिनतोड विचारलं. आईने एकदा बोटीकडे बघितलं, एकदा चाचांकडे, आणि हार वडिलांच्या हातात दिला. त्यांनी तो चाचांच्या गळ्यात घातला. चाचा सत्कारमूर्तीसारखे मान लववून उभे राहिले. धरणाच्या काठी, ग्रीसने माखलेल्या सदऱ्यावर तो टपोरा हार फार शोभत होता.

बोट गेली, मोठा वळसा घालून आली, आणि दोरीशिवाय आली. मच्छीमार थोडा हिरमुसला. आई दिलेल्या शब्दाला पक्की; पदर खोचून ती खुर्चीत बसली. मी पुढे बसले. काठ मागे पडला तशी वडिलांची मान ताठ झाली. कशी चालतेय, असं त्यांनी तिला विचारलं.

"चांगली चालतीय," आई म्हणाली. खुर्चीचे हात तिने घट्ट धरले होते. "आता सांगायला हरकत न्हाई. हार बांधताना दर वेळी मी देवाकडं एकच मागायची. बंद पडायची तर काठाजवळच पडू दे. तुम्हाला पवता येत न्हाई, ते मला ठाऊक हाय. दर वेळी त्यानं ऐकलं."

वडिलांना पोहता येत नाही हे मला त्या क्षणी कळलं. गल्लीत ते कृष्णेत पोहल्याच्या गोष्टी सांगायचे.

"आणि आज?" त्यांनी विचारलं.

"आज हार भाऊजींच्या गळ्यात. त्यांच्याकडं काय मागू?"

वडिलांनी तोंड उघडलं. आता ते दोऱ्याचं सांगणार असं मला वाटलं. पण त्यांनी इंजिन हळू केलं, आईच्या खुर्चीखाली पडलेलं लाइफ जॅकेट ओढून काढलं आणि मुकाट्याने अंगात घातलं. पुढचा पट्टा त्यांना लागेना, तेव्हा आईने खुर्चीचा हात सोडून तो लावून दिला.

"अजून एक फेरी मारायची?" त्यांनी विचारलं.

"मारा की," आई म्हणाली.