काळ्या नाशपातीचं भांडण

थुंग मावशीच्या पायाला भिंगरी होती. गल्लीत कुठं चार माणसं थांबलेली दिसली की ती हातातलं काम टाकून निघायची, कणीक मळत असेल तर पिठाच्या हातांनी. कोपरं मारत पहिल्या रांगेत शिरायची आणि बाहेर आली की माझ्या फळांच्या गाडीपाशी येऊन सगळं तिखटमीठ लावून सांगायची. नळ फुटला, कुणाची सून माहेरी निघाली, खाटकाचं बदक निसटलं. तिला काहीही चालायचं.

याला आमच्याकडे वेइग्वान म्हणतात. वेइ म्हणजे वेढा घालणं, ग्वान म्हणजे बघणं. एकट्यानं खिडकीतून बघितलं तर ते वेइग्वान नव्हे. त्याला माणसांचं कडं लागतं, मधोमध कुणाची तरी फजिती लागते, आणि आपण मध्ये पडायचं नाही, हेही लागतं. पोलिसानं हटकलं तर 'मी नुसतं वेइग्वान करत होतो' म्हणून हात झटकता येतात. मला हा शब्द कधीच आवडला नाही. गर्दी नेमकी माझ्या गाडीपुढं व्हायची आणि गिऱ्हाईक पलीकडच्या पलीकडे परत जायचं.

मावशीचा नवरा ल्वान मास्तर कोळशाच्या खाणीवर फिटर होता. कामावरून आला आणि घर रिकामं दिसलं की आधी भात टाकायचा, मग गर्दी शोधत निघायचा. आत शिरून बायकोची बाही धरायचा, 'भात गार होतोय' एवढंच म्हणायचा आणि तिला ओढत घरी न्यायचा. सगळं फूशुन शहर बदललं, पण हे चुकलं नाही.

पुढं मास्तरच्या डोक्यातून एकेक गोष्ट गळायला लागली. आधी नावं गेली, मग रस्ते, मग माणसं. मावशीचा डोळा चुकवून तो बाहेर पडायचा आणि दर वेळी कुठल्या तरी गर्दीतच सापडायचा. त्यामुळं मावशीच्या फेऱ्या वाढल्या. म्हातारीची खोड जात नाही, म्हणून लोक हसत. मीही हसले होते. मग एकदा नीट पाहिलं तेव्हा ती तमाशाकडे पाठ करून उभी होती आणि बघ्यांचे चेहरे बघत होती.

हल्ली गर्दीही आटली आहे. लोक घरात पाय शेकत फोनवर दुसऱ्यांची भांडणं बघतात.

गेल्या हिवाळ्यात, नवं वर्ष तोंडावर आलेलं असताना, मास्तर दुपारीच नाहीसा झाला. पायात घरातल्या चपला, डोक्यावर टोपी नाही. आमच्याकडची थंडी अशी की थुंकी खाली पडेपर्यंत गोठते. पोलीस कॅमेरे तपासत होते. ताल्येनला राहणाऱ्या त्यांच्या लेकानं वडिलांचा फोटो गल्लीच्या ग्रुपवर टाकला. त्याखाली लोकांनी भराभर काय लिहावं? 'वेइग्वान.' म्हणजे पाहिलं, पाहतोय. बोटं चालत होती, पाय कुणाचे हलत नव्हते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सूर्य चारलाच कलतो. मावशी खाणीकडून, पुलाकडून, बाजारातून रिकामी परत आली. एका जागी उभी राहीना. गाडीभोवती दोन चकरा मारून म्हणाली,

"च्याओ, माझ्याशी भांड."

"मावशी, डोकं ठिकाणावर आहे ना?"

"गर्दी पाहिजे. तो गर्दीला येतो. तुझी जीभ तशीही आवरत नाही, तुला काय जड जाणार?"

मी काही म्हणायच्या आत तिनं माझ्या खोक्यातली नाशपाती उचलून डोक्यावर धरली आणि टिपेच्या आवाजात सुरू झाली. ही बाई लोकांना सडका माल विकते, बघा, नाशपाती काळी ठिक्कर पडलीय.

हिवाळ्यात बाहेर ठेवून गोठवलेली नाशपाती काळीच होते आणि तशीच गोड लागते. आमच्याकडं शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. म्हणून तर लोक थांबले. खऱ्या भांडणाला थांबले नसते इतके थांबले. मीही तोंड सोडलं. आधी नाटक होतं, पण तिनं माझ्या आईचं नाव काढल्यावर मला खरोखरच राग आला. खानावळ रिकामी झाली, टॅक्सीवाला काच खाली करून थांबला. मावशीचं तोंड माझ्याशी भांडत होतं आणि डोळे कड्यावरून फिरत होते. मास्तर दिसेना.

तेवढ्यात एका भल्या माणसानं घोळ घातला. जाऊ दे आजी, म्हणत तो तिला स्वतःच्या पिशवीतलं सफरचंद देऊ लागला. लोक हसले, मागची रांग विरळ व्हायला लागली. मी आख्खं खोकं उचलून रस्त्यावर उलटं केलं. गोठलेल्या नाशपात्या दगडांसारख्या खडखडत पसरल्या आणि कडं पुन्हा घट्ट मिटलं.

मग मागून कुणीतरी कोपरं मारत आत येऊ लागलं. मास्तर होता. कान लालबुंद, चपला बर्फानं भरलेल्या. मावशीनं हातातली नाशपाती खाली घेतली. त्यानं तिच्याकडं पाहिलं, ओळख काही दिसली नाही.

"बाई, नाशपाती काळीच असते," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "भांडू नका. थंडी आहे, घरी जा."

मावशीनं आवाज सांभाळत विचारलं, "आणि तुम्ही इथं काय बघताय?"

"मी कशाला बघू? बायकोला शोधतोय. गर्दी दिसली की ती तिथं असतेच." तो तिच्या खांद्यावरून पलीकडचे चेहरे न्याहाळत राहिला. "तिकडं भात गार होतोय."

मला रडू आवरेना. एकानं फोन वर धरला होता, तो मी हात मारून खाली पाडला. मावशीनं आपली टोपी काढून मास्तरच्या डोक्यावर घातली. मग कोटाची बाही त्याच्या हातात दिली आणि उभी राहिली.

त्याच्या बोटांनी ती धरली. क्षणभर तो बाहीकडंच बघत होता. मग तिला ओढत, कुणाकडंही न बघता, गर्दीतून वाट काढत तो बरोबर घराच्या दिशेनं निघाला.