प्रातिनिधिक छायाचित्र

सगळी गल्ली तिला मावशी म्हणायची. नवरा गेल्यावर तिने बाहेरच्या खोलीत पाळणाघर काढलं आणि त्यावरच घर चालवलं. पोरांची नाकं पुसण्यात आणि "त्याने माझी गाडी घेतली" असले खटले निकाली काढण्यात तिचा जन्म गेला. कुणाला साधा ओरखडा आला तरी संध्याकाळी पोराच्या आधी तीच आईला सांगायची.

आणि एके सकाळी तिचं दार पेपरात छापून आलं. वर भलंमोठं: 'पाळणाघरांतले अपघात दुप्पट! मुलं सुरक्षित आहेत का?' खाली तिचा उंबरठा, चिमुकल्या चपलांची रांग, दारावर तिनेच रंगवलेलं बदक. कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'प्रातिनिधिक छायाचित्र'. तिने बातमी शेवटपर्यंत वाचली. अख्ख्या शहरात गेल्या वर्षी एक पोर पडलं होतं, यंदा दोन. त्यांतलं एकही तिच्याकडचं नव्हतं. पण शेवटपर्यंत वाचतो कोण? बदक मात्र सगळ्यांनी ओळखलं.

"तुमच्याबद्दल काही नाही हो मावशी, पण सासूबाई ऐकत नाहीत," म्हणत एकेक आई पिशवी घेऊन गेली. उरली एकटी छकुली.

छकुलीचे बाबा त्याच पेपरात मथळे द्यायचे. फोटोत सगळ्यांच्या चपला होत्या, छकुलीच्या तेवढ्या नव्हत्या. म्हणजे फोटो काढला तेव्हा ती अजून बापाच्या कडेवर होती. मावशीला आणखी पुरावा नको होता. मेल्याने पोटावर पाय दिला होता आणि वर रोज हसत हसत पोरगी तिच्याच हातात देत होता. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. तरी त्याच्या बायकोची परगावी बदली होईपर्यंत तिने दम धरला.

मग एका सोमवारी तिने त्याला दारातच अडवलं.

"फोटो तुम्हीच काढलात ना?"

तो चपापला. "घाईत होतो हो मावशी... आणि खोटं काय लिहिलंय? एकाचे दोन म्हणजे दुप्पटच की."

"मग स्वतःची पोरगी का ठेवता इथे?"

"मला माहितीये ना, तुमच्याकडे ती सुरक्षित आहे."

"तेवढंच छापा. त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत."

"त्याची बातमी नाही होत, मावशी."

"मग मी देते बातमी." तिने छकुलीची पिशवी त्याच्या हातात कोंबली. "या पाळणाघरातली मुलं एका दिवसात शंभर टक्क्यांनी घटली. खोटं काही नाही त्यात."

"अहो, पण मी कामावर कसा जाऊ? हिची आईसुद्धा इथे नाही!"

"ते तुमचं तुम्ही बघा."

छकुलीने मावशीच्या गळ्याला मिठी मारली. मावशीने तिची बोटं एकेक करून सोडवली. पोरीसाठी जीव तुटत होता आणि बापाचा उतरलेला चेहरा बघून आत्मा थंडही होत होता. तिने कडी लावली. उद्यापासून खायचं काय, हे तिला ठाऊक नव्हतं. बाहेर तो फोनवर रजेसाठी गयावया करत होता आणि छकुली "मावशी, मावशी" करत दार बडवत होती. रडायला हवा होता बाप आणि रडत होती पोरगी. तरी तिने दार उघडलं नाही.