पहिला घोट टीचरकडे

नवऱ्याच्या बाबतीत मला आयुष्यात कधी कुणाचा हेवा वाटला नाही. हेवा वाटावा असं काही तिथे नाहीच. पण मुलीच्या बाबतीत वाटला, आणि असा वाटला की त्या बाईंच्या अंगणातल्या सोनचाफ्याकडेसुद्धा मी जाता-येता वाकड्या नजरेने बघायचे.

त्यांना सगळा गाव टीचर म्हणतो, म्हणून मीही म्हणते. वसई पश्चिमेला आमच्या इमारतीचं कुंपण संपतं तिथे त्यांची केळीची वाडी सुरू होते. टीचर शाळेत मराठी शिकवतात, रविवारी चर्चमध्ये मिस्साला जातात, आणि घरी आलेल्या माणसाला खायला घातल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी बालवर्गापासून एका बाकावर. मी अंधेरीला नोकरीला, घरी यायला साडेसात वाजायचे. त्यामुळे माझी मुलगी शाळा सुटली की त्यांच्याकडे. तिथेच जेवायची, अभ्यास करायची, कधी कधी झोपायचीसुद्धा. मला ते सोयीचं होतं, आणि सोयीचं होतं तोवर मी टीचरचं कौतुक करत फिरत होते.

मग मुलगी मोठी झाली. तिला पहिली पाळी आली तेव्हा मी ऑफिसात होते. मी घरी पोचले तेव्हा सगळं समजावून झालेलं, पॅड घेऊन झालेले, वर शिरा खाऊन झालेला. मी समजावायला बसले तर म्हणाली, "आई, आंटीने सांगितलं सगळं." टीचरना ती आंटी म्हणते. मला खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. मी त्या दिवशी कारण नसताना भांडी आपटली.

गेल्या नाताळात मात्र कहर झाला. मुलगी तेव्हा बारावीला, सतरा पूर्ण. दुपारी टीचरकडे जेवायला गेली आणि संध्याकाळी केक, करंज्यांचं ताट घेऊन परत आली. ताट ओट्यावर ठेवता ठेवता म्हणाली, "आज मला आंटीकडच्या आजोबांनी वाइन दिली. घरची, काळ्या द्राक्षांची. एवढीशी." तिने बोटाचं एक पेर दाखवलं.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. आमच्या घरात दारू हा शब्द उच्चारत नाहीत. म्हणजे दारू आहे, शब्द नाही. आमचे हे महिन्यातून दोनदा 'ऑफिसची पार्टी' करून येतात आणि दारातच मूठभर बडीशेप तोंडात टाकतात. थंडीत त्यांना जी 'सर्दी' होते तिचं औषध कपाटात गोधड्यांच्या मागे असतं. मी ती बाटली वीस वर्षं गोधड्या उन्हात घालताना उचलते, पुसते आणि परत ठेवते. एका शब्दाने कधी बोलले नाही. यालाच मी संस्कार समजत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चप्पल अडकवून टीचरकडे गेले. त्या अंगणात नातेवाइकांना द्यायच्या केकचे तुकडे कागदात बांधत बसल्या होत्या. मी बसले नाही. म्हटलं, "टीचर, तुम्ही शाळेत शिकवता. कायदा काय सांगतो ते तुम्हाला माहीत नाही? मला एका शब्दाने विचारावंसं वाटलं नाही?"

"अहो ताई, विचारलं ना," त्या म्हणाल्या. "तुमचा फोन लागला नाही म्हणून तुमच्या साहेबांना विचारलं. ते म्हणाले, थोडीशी द्या, काही हरकत नाही." मग जरा अडखळून म्हणाल्या, "मिसेसला मी सांगतो, असं पण म्हणाले."

नवऱ्याचा समाचार घरी गेल्यावर घ्यायचा ठरवून मी तिथेच उभी राहिले. टीचरनी हातातलं काम बाजूला ठेवलं. त्यांच्या घरची पद्धत त्यांनी सांगितली. मूल दहावी पार करून मोठं झालं की नाताळच्या जेवणात आजोबा सगळ्यांसमोर त्याला एक छोटा पेला देतात. पोटभर जेवल्यावर, बसून, मोठ्यांच्या पाया पडून. आवडली नाही तर तशीच ठेवायची, कुणी चिडवायचं नाही. "बाहेर कुणी पुढे केली तर नको म्हणता आलं पाहिजे ना," टीचर म्हणाल्या, "त्याची सवय घरात नाही करायची तर कुठे करायची? आणि चिंचोटीच्या प्रकारानंतर तर मला वाटलं, हिला यंदा आपल्यातच बसवावी. किती घाबरली होती पोर."

चिंचोटीचा कसला प्रकार, हे मला माहीत नव्हतं. पण माझ्या तोंडून काय निघालं? "हो ना," मी म्हटलं. "सांगितलं मला तिने."

टीचरचा चेहरा उजळला. "सांगितलं ना? मी तिला म्हटलंच होतं, आईला सांगायचं, आई आहे ती." आणि मला सगळं माहीत आहे असं धरून त्या मोकळेपणाने बोलत गेल्या. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या मुलामुलींबरोबर ती चिंचोटीच्या धबधब्यावर गेली होती. कोल्ड्रिंकच्या बाटलीत कुणीतरी काहीतरी मिसळून आणलं होतं, सगळे पीत होते, हीही प्यायली. पाय लटपटायला लागले तशी घाबरून एकटीच रिक्षाने निघाली. रिक्षातून फोन केला तो टीचरना. त्यांनी तिला रस्त्यावरून घरात आणली, विहिरीपाशी तिला उलट्या होत होत्या तेव्हा पाठ चोळली, लिंबूपाणी देऊन झोपवली. संध्याकाळी ती माझ्यासमोर बसून पोळीभाजी जेवली आणि पिकनिक मस्त झाली म्हणाली.

मी मान हलवत ऐकत राहिले. "हो, हो, म्हणाली मला." दारूचा राग कधीच मागे पडला होता. माझी मुलगी संकटात असताना तिच्या बोटाने कुणाचा नंबर दाबला, एवढंच मला दिसत होतं. तिला जन्म देताना टाके मला पडले होते, मीच डब्यात भेंडी देत आले, आणि फोन टीचरना!

घरी येऊन ह्यांचा समाचार घ्यायचा राहूनच गेला, आणि मुलीलाही मी काही विचारलं नाही. ती आपणहून सांगेल याची वाट बघत बसले. आठवडा गेला, दोन गेले. ती सांगेना. मग मी ठरवलं, टीचरकडे पेलाभर वाइनवर मुलगी मोकळी होते ना, आमच्याकडे काय कमी आहे? आपणही द्यायची. घरी, टेबलावर, रीतसर.

वार मिळेना. सोमवार ह्यांचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार माझा, शनिवार मारुतीचा. रविवार धरला तर त्यात संकष्टी आली. मला देवाला फसवायचं नव्हतं, फक्त शेजारणीला हरवायचं होतं. शेवटी जानेवारीअखेरचा एक मोकळा रविवार सापडला. वसईत कुणी बघेल म्हणून बाटली आणायला मी तुळिंजला गेले. दुकानदाराने विचारलं, "मॅडम, स्वीट की ड्राय?" मी म्हटलं, "चांगली द्या." वर्तमानपत्रात गुंडाळून, वर मेथीच्या दोन जुड्या टाकून आणली.

रविवारी सुरमई तळली, देव्हाऱ्याचा पडदा ओढला आणि बाटली उघडायला घेतली. बूच निघेना. ते ओढायचं स्क्रूसारखं काहीतरी असतं म्हणे, आमच्या घरी कुठून असणार? लाटण्याच्या टोकाने मी ते आत ढकललं. त्याचे तुकडे वर तरंगायला लागले, म्हणून चहाच्या गाळणीतून वाइन गाळली आणि पाण्याच्या तीन ग्लासांत काठोकाठ भरली. अर्धा ग्लास पुढे करायचा म्हणजे कद्रूपणा, हे माझ्या हाडात मुरलेलं. वाइनला आल्याचा वास येत होता.

मुलगी ग्लासाकडे बघत राहिली. "आई, हे काय?"

"आता तू मोठी झालीस," मी म्हटलं. "आपल्या घरातसुद्धा मोकळेपणा आहे." आणि तिसरा ग्लास ह्यांच्यापुढे सरकवला.

हे दचकून मागे सरले. "मला नको. मी घेत नाही."

मुलीने बापाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मी काही बोलेन असं तिला वाटलं असावं. मी सुरमईचा तुकडा तिच्या ताटात वाढला. ती हसली नाही, तेच वाईट झालं. तिने एक घोट घेतला आणि औषध प्यायल्यासारखा गिळला. दुसरा घेतला. नको असेल तर ठेव, हे म्हणायचं मला सुचलंच नाही, कारण मी तिच्या बोलण्याची वाट बघत होते. अर्धा ग्लास संपला.

"काही सांगायचं असेल तर सांग," मी म्हटलं. "मी रागावणार नाही."

"काय सांगायचं?"

"काहीही. आईला सांगतात तसं."

"काही नाही सांगायचं."

मग माझा धीर सुटला. "चिंचोटीचंसुद्धा नाही?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. "तुला कुणी सांगितलं? आंटीने?"

त्या क्षणी मला खरं सांगता आलं असतं. मला माहीत आहे असं मीच खोटं भासवलं आणि टीचर बोलून गेल्या, एवढंच सांगायचं होतं. पण तिच्या आवाजात आंटीबद्दल पहिल्यांदाच शंका आली होती, आणि ती मला साखरेसारखी गोड लागली. मी म्हटलं, "मग? त्यांनी मला सगळं येऊन सांगितलं. त्या कधी ना कधी सांगणारच. शेवटी आई मी आहे."

ती उठली, ग्लास बेसिनमध्ये ओतला आणि खोलीत गेली. ह्यांनी हळूच माझ्याकडे पाहिलं. मी त्यांना म्हटलं, "तुम्ही जेवा."

त्या दिवसापासून मुलगी टीचरकडे जाईनाशी झाली. त्यांच्या मुलीशीही तुटक बोलायला लागली. टीचर दोनदा आमच्या गेटपाशी आल्या, "पोर दिसत नाही हल्ली?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "बारावी आहे ना." मी जिंकले होते. संध्याकाळी घरी यावं तर मुलगी घरात. समोर बसून जेवते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते, ताट उचलून आत जाते. दारामागे फोनवर बोलण्याचा आवाजसुद्धा येत नसे. मी दोन महिने स्वतःला सांगत राहिले की अभ्यास करते आहे.

परीक्षा संपली आणि एका मैत्रिणीचा वाढदिवस अर्नाळ्याच्या रिसॉर्टवर ठरला. सकाळी जाऊन संध्याकाळी परत. मुलगी तयार होऊन दारात सँडल घालत होती. तिथे काय काय असणार हे मला न कळण्याइतकी मी आता भाबडी नव्हते. मी तिची बॅग हातात घेऊन उभी होते. म्हटलं, "काही झालं, कुणी काही पाजायला बघितलं, तर लगेच फोन कर."

ती वाकलेली होती, तशीच मान वर करून म्हणाली, "कुणाला?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी उलट बोलले असते. तिला खरोखरच माहीत नव्हतं.

ऑगस्टात तिच्याकडे निदान एक नंबर होता. तो मी माझ्या हाताने पुसला होता आणि त्या जागी माझा लिहिला गेलेला नव्हता.

"आंटीला कर," मी म्हटलं. "त्या काही सांगायला आल्या नव्हत्या. मीच भांडायला गेले होते. तू मला सांगितलं आहेस असं मी त्यांना खोटं सांगितलं, म्हणून त्या बोलल्या. तुझ्याशीसुद्धा मी खोटं बोलले."

"का?"

"मला बघवत नव्हतं."

तिने सँडलचा पट्टा लावला. मग म्हणाली, "आणि तुला? तुला नको करू फोन?"

"मलाही कर," मी म्हटलं. "पण आधी त्यांना कर."

हे वाक्य बोलायला मला किती जड गेलं ते माझं मला माहीत. तिने बॅग घेतली नाही. तिथेच दारात उभं राहून फोन लावला. पलीकडून टीचरचा आवाज आला आणि माझी मुलगी त्यांच्या घरातल्या बोलीत बोलायला लागली, ती जी गावातली जुनी माणसं आपापसात बोलतात, भरभर, हेल काढून. मधेच तिने डोळे पुसले आणि मधेच हसली. मी तिची बॅग धरून उभी होते. वीस वर्षं या गावात राहूनही मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, आणि जिवाचा जळून कोळसा होत असताना मी मनात म्हणत होते, बोल, अजून बोल.