शेंदराखालची रेषा

पानशेत फुटल्याच्या पुढच्या साली सरकारला एकदम सगळ्या नद्यांची आठवण झाली. साहेब लोक दुर्बिणी घेऊन पवनेच्या काठाकाठाने हिंडले आणि पिंपरीच्या खालच्या अंगाला त्यांनी एक दगड पुरला. त्यावर ठसठशीत अक्षरं कोरली होती: पूररेषा. मोठा पूर आला तर पाणी इथपर्यंत चढेल, घरं बांधायची ती दगडाच्या वर, खाली नाही, एवढाच त्याचा अर्थ होता.

दगडाखालची जमीन अण्णासाहेबांची. चहूकडे कारखाने उठत होते, खडकाळ माळालाही भाव येत होता, आणि यांच्या तुकड्याकडे मात्र कुणी ढुंकून बघत नव्हतं. सरकारी दगड उपटणं गुन्हा, आणि अण्णासाहेब पडले कायद्याने चालणारे गृहस्थ. त्यांनी दगड उपटला नाही, त्याला शेंदूर फासला. दर अमावास्येला थर चढत गेला, अक्षरं बुजली, समोर चार नारळ फुटले, आणि दगडाचा म्हसोबा झाला.

मग त्यांनी गिऱ्हाईक निवडलं, आणि त्यात त्यांची खरी अक्कल दिसते. भाविक माणूस देवाला तेल चोळणार, त्याच्या बोटांना अक्षरं लागणार. म्हणून प्लॉट दाखवायचा तो अशालाच, जो त्या दगडाला हात लावणार नाही. वर छाती पुढे काढून सांगायचं, "मी जातपात मानत नाही."

असा त्यांना कोंडीराम सापडला.

कोंडीराम पिंपरीतल्या एका कंपनीत लेथ मशीनवर होता. त्याचा जन्म मावळातल्या महारवाड्यातला. धर्मांतराच्या वेळी त्याची आई तानुबाई हिने घरातले सगळे देव पाटीत भरले आणि पाटी नदीत पालथी केली. कोंडीराम तेव्हा पोरगेला होता. दगडापुढे वाकायचं नाही, ही गोष्ट त्याच्या हाडात भिनली ती तेव्हापासून. तो रात्रशाळेत शिकला, पेपर वाचायला लागला, आणि एकच ध्यास घेऊन बसला: जिने उभा जन्म गावाच्या बाहेर काढला, त्या आईने स्वतःच्या पक्क्या घरात डोळे मिटावेत.

प्लॉट बघायला तो गेला तेव्हा अण्णासाहेब म्हणाले, "वर धरण झालंय. आता पूर येतोय कुठून?" शेंदराच्या दगडाकडे कोंडीरामने बघितलंसुद्धा नाही.

चढावरच्या घरात अंबूबाई राहायची. जुन्या गावकीतली म्हातारी. पाया खणताना बघून ती बांधावर आली.

"लेकरा, देवाच्या खाल्ल्या अंगाला घर बांधू न्हाई. पानी देवाच्या पायापतूर येतंय."

कोंडीरामच्या अंगाचा तिळपापड झाला. कुणी कुठे राहायचं हे सांगणारे आवाज त्याच्या आज्याने ऐकले होते, बापाने ऐकले होते. म्हातारी पाण्याबद्दल बोलत होती आणि त्याला ऐकू येत होती जात. यात त्याची काय चूक? हजार वेळा जे ऐकलं तेच माणसाला हजार-एकाव्या वेळी ऐकू येतं.

"आजी, आमी कुठं ऱ्हायचं ते आता आमी ठरवतो," तो म्हणाला. "तुमचा देव पानी अडवंल न अडवंल. माझा इमा नुसकानी भरतो."

विमा त्याने खरंच उतरवला होता. घरासाठी पतपेढीचं कर्ज घेताना आगीचा विमा सक्तीचा होता. कंपनीतले बबनराव जोडधंदा म्हणून विम्याची कामं करत. ते म्हणाले, "नदीकाठ आहे भावा, थोडे जास्त भर, पुराचाही घे." कोंडीरामने घेतला आणि दर साली न चुकता हप्ता भरला. शेजारीपाजारी दगडावर भिस्त ठेवतात, आपण कागदावर, याचा त्याला मोठा अभिमान होता. हप्ता घेताना नदी किती लांब आहे हे बघायला मात्र कुणीही फिरकलं नाही.

घर झालं. तानुबाई उंबऱ्यावर बसून स्वतःच्या भिंतीला पाठ टेकायची आणि उगाच हसायची. पाच-सहा पावसाळे असे सुखाचे गेले.

मग एका श्रावणात धरण तुडुंब भरलं आणि पाणी सोडावंच लागलं. कोंडीराम पहिल्या शिफ्टला होता. पाणी अंगणात शिरलं, चुलीत शिरलं. म्हातारी तानुबाई खाटेवर उभी राहून हाका मारत होती. तिला हाताला धरून वर ओढलं ते अंबूबाईने. वर आली, पण चिखलात पाय ठरेना. तिने समोरच्या दगडाला मिठी मारली आणि धो धो पावसात तशीच बसून राहिली. जिने देवांची पाटी नदीत ओतली, तिच्याच पायाशी येऊन नदी थांबली. बरोबर दगडाच्या बुडाशी.

कोंडीराम धावत आला तेव्हा घराची एक भिंत उभी होती.

"रडू नको आये," तो म्हणाला. "पुराचा इमा हाय आपला. पुन्ना बांधू."

पाणी ओसरल्यावर विमा कंपनीचा तपासणीस आला. बरा माणूस होता. भिंती बघितल्या, पत्रे बघितले, म्हणाला, "काळजी करू नका, होऊन जाईल काम." जाताना बुटांचा चिखल काढायला त्याने दगडाचा आधार घेतला. तानुबाईच्या मिठीत आणि त्या पावसात शेंदराची खोळ सुटून पडली होती. तपासणीस वाकला आणि त्याने वाचलं.

"अहो, ही तर पूररेषा," तो म्हणाला. "रेषेच्या खालच्या बांधकामाला पुराचा विमा लागू होत नाही. पॉलिसीतच तसं आहे. तुम्ही हा दगड कधी बघितला नाही?"

"असल्या दगडाकडं मी बघत न्हाई," कोंडीराम म्हणाला, आणि म्हणता म्हणताच त्याची नजर दगडावर गेली. मराठी अक्षरं होती. रात्रशाळेत शिकलेल्या माणसाने एका नजरेत वाचली असती.

तो अण्णासाहेबांकडे गेला. ते झोपाळ्यावर बसले होते.

"देवाला शेंदूर लावणं गुन्हा आहे का रे?" त्यांनी विचारलं. "आणि तू तर देव मानत नाहीस. खरवडून बघायचं होतंस. तुला कुणी अडवलं होतं?"

पुरानंतर भोसरीत घेतलेल्या भाड्याच्या खोलीवर येऊन कोंडीरामने सगळी आग ओकली ती आईवर. "तू मिठी मारली नसतीस तर कुनाच्या बापाला कळलं नसतं. गेली असतीस व्हावून, तर माझं घर तरी ऱ्हायलं असतं!"

त्या खोलीत तानुबाई दोन महिने भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध बसून राहिली. थंडी सुरू झाली तशी गेली.

पुढच्या उन्हाळ्यात कोंडीरामने पिंपरी कॅम्पातून शेंदूर आणला. तेलात कालवला आणि स्वतःच्या हाताने दगडाला फासला. एक थर, वाळल्यावर दुसरा, मग तिसरा. अक्षरं नीट बुजली. अण्णासाहेबांपेक्षाही नीट, कारण लेथवरच्या माणसाचा हात साफ असतो.

गिऱ्हाईक त्याने शोधून काढलं. भोसरीच्या गॅरेजात काम करणारा हनीफ, उदगीरकडचा. बायको ताहेरा आणि दोन लहान पोरी. त्याला कुणी खोली भाड्याने देत नव्हतं, म्हणून चार भिंतींसाठी जीव टाकत होता.

"ये देव गावाचा काय?" हनीफने अदबीने दोन पावलं मागे सरून विचारलं.

"गावाचा. हात तेवढा लावू नका."

"तौबा! दुसऱ्याच्या देवाला आपन कशाला हात लावायचा?"

तेवढ्यात चढावरून अंबूबाई काठी टेकत आली. आता तिला धड दिसतही नव्हतं. "लेकरा," ती हनीफला म्हणाली, "देवाच्या खाल्ल्या अंगाला घर..."

कोंडीरामने हनीफच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं.

"म्हातारीचं मनावर घेऊ नका, भाऊ," तो हळूच म्हणाला. "तिला शेजारी मुसलमान नकोय."

हनीफचा चेहरा दगडासारखा झाला. कोंडीरामला तो चेहरा ओळखीचा होता. याच जागेवर, याच म्हातारीसमोर तो एकदा त्याचा स्वतःचा होता.

"मग तर घेतोच," हनीफ म्हणाला, आणि विसार द्यायला त्याने खिशात हात घातला.