चार वाजताचा फोन

पत्रकाकांचा मला राग येतो. त्यांच्या साहेबांचा त्याहून जास्त येतो, पण साहेब माझे कोणी लागत नाहीत आणि पत्रकाका माझ्या वडिलांचे चुलतभाऊ.

साहेब नगरपालिकेत निवडून आले तेव्हा काका त्यांच्याकडे टायपिस्ट म्हणून लागले. साहेब पुढे मोठ्या सभागृहात गेले, दोनदा मंत्री झाले, तीन पक्ष फिरून आले. दर वेळी लेटरहेडवरचं चिन्ह बदललं. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, काकांचे केस गेले. मजकूर मात्र सत्तावीस वर्षं तोच: 'सदर व्यक्ती माझ्या परिचयाची असून तिच्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा.'

साहेबांनी आयुष्यात कोणाला नाही म्हटलं नाही. सगळी कारकीर्द त्यावरच उभी. सकाळपासून व्हरांड्यात रांग लागायची. कोणाला बदली हवी, कोणाला नोकरी, कोणाला दवाखान्यात खाट. साहेब प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवायचे, "पत्र द्या रे यांना," म्हणायचे आणि सही ठोकायचे. माणूस तो कागद छातीशी धरून पायऱ्या उतरायचा.

खरं काम व्हायचं दुपारी चार वाजता. जावक वहीत त्या दिवशीच्या पत्रांचे क्रमांक ओळीने लिहिलेले असायचे. साहेब त्यातल्या दोन-तीन क्रमांकांवर बोट ठेवायचे आणि काका त्या त्या कार्यालयाला फोन लावायचे. "आजचे पाच आणि एकोणीस आपले." बस, एवढंच. बाकीची पत्रं तिकडे कपाटात कोंबायची, हे कोणी न सांगता ठरलेलं. चाळीसातल्या सदतीस जणांना रोज सहीशिक्क्यानिशी फसवलं जायचं आणि काकांना ते रोज माहीत असायचं. "फोन नसलेलं पत्र म्हणजे बिनतिकिटाचं पाकीट," असा त्यांचा एक विनोद होता. आम्ही घरात त्यावर हसायचो, तेही लिहून ठेवतो.

मग वेळ काकांच्याच मुलीवर आली. ताई नर्स. नोकरी बसने पाच तास लांबच्या दवाखान्यात. इकडे तिच्या नवऱ्याच्या किडन्या निकामी झाल्या, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. सोबतीला म्हातारी सासू, तिला धड दिसत नाही. इथल्या दवाखान्यात नर्सची एक जागा रिकामी होती. एकच.

काकांनी मुलीचं पत्र स्वतः टाइप केलं. साहेबांनी सही केली, डोळे पुसले, "पोरगी माझीपण आहे," म्हणाले. क्रमांक पडला बारा.

चार वाजता साहेबांचं बोट वहीवरून फिरलं आणि सातवर थांबलं. सात म्हणजे एका ठेकेदाराची सून. तीही नर्स, तिलाही तीच जागा हवी होती.

"साहेब, बारा," काका म्हणाले.

"बघू रे नंतर."

"जागा एकच आहे. आज सात गेला की बारा संपला."

"अरे, तू घरचा माणूस. घरच्यांना कसली घाई? ठेकेदाराकडे दोन वॉर्डांची मतं आहेत. तुझ्याकडे काय आहे, कीबोर्ड?" साहेब स्वतःच हसले. "चल, लाव फोन."

आणि काकांनी लावला. सत्तावीस वर्षांची सवय. हाताने नंबर फिरवला, तोंडाने "आजचा सात आपला" म्हटलं. रिसीव्हर ठेवल्यावर त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला.

ते तसेच व्हरांड्यात गेले. संध्याकाळची रांग लागू लागली होती.

"घरी जा सगळे!" काका ओरडले. "या कागदाला काडीची किंमत नाही! आतून फोन गेला तरच काम होतं. माझ्या पोरीलासुद्धा नुसता कागद दिला या माणसाने!"

मग पुढचा माणूस हळूच म्हणाला, "काका, फोन तुम्हीच लावता ना? मग आमचा तेवढा लावा की."

लगेच चौघांनी अर्ज पुढे केले. त्यांना बाजूला सारत एक बाई समोर आली. "माझ्या मुलाच्या नोकरीचं पत्र तुम्हीच दिलं होतंत. दोन वर्षं हेलपाटे घालतेय. माझा फोन केला होता?"

"नाही, मावशी."

"तेव्हा माहीत होतं तुम्हाला?"

"हो."

"म्हणजे आज तुमच्या पोरीचं काम झालं असतं, तर तुम्ही आत गप्प बसला असतात."



जागा ठेकेदाराच्या सुनेला मिळाली. ताईने नोकरी सोडली. काकांनीही सोडली, आणि घरात सगळे म्हणतात, शेवटी पाणी दाखवलं हो! मी म्हणत नाही. मी त्यांना एकदाच विचारलं, "त्या मावशीच्या मुलाचा क्रमांक किती होता?"

"आठवत नाही रे," ते म्हणाले. "रोजचे चाळीस असायचे."