वालाची मुळं आणि उन्नतीची सही

उन्नती साळवेला सहसा राग यायचा नाही. कॅम्प चार नावाच्या वस्तीतल्या तिच्या घरी सासू म्हणायची, "हिला कुणी चिमटा काढला, तर ही आधी त्याचे हात धुवायला लावेल." अकरा वर्षं ती आनंदनगरमधल्या एका लहानशा कारखान्याच्या लॅबमध्ये होती, त्यामुळे हात धुण्याचा विषय घरात कायम चेष्टेचा.

कारखान्यात कडधान्याच्या बियाण्याला चोळायचं जिवाणू खत बनायचं. काळ्या भुकटीची पाव किलोची पाकिटं. बघणाऱ्याला ती कोळशाची पूड वाटायची, पण त्या पुडीत रायझोबियम नावाचे जिवाणू जिवंत असायचे आणि ते जिवंत आहेत की नाही हे बघणं हेच उन्नतीचं काम. वालाचं कोवळं मूळ मातीत एक रस सोडतं. तो रस या जिवाणूंना कळतो. ते मुळाशी गोळा होतात, आपल्याकडूनही खूण धाडतात, आणि मग मुळावरचा केसाएवढा तंतू वाकून त्यांना कवेत घेतो. त्याच तंतूतून आत जायची वाट तयार होते. जिवाणू शिरतात, वाढतात, मुळावर गाठ धरते. झाड त्यांना साखर देतं, ते हवेतला नायट्रोजन झाडाला पचेल असा करून देतात. कॉलेजात असताना उन्नतीने हे पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा ती शेजारणीला म्हणाली होती, "अगं, मूळ स्वतःहून दार उघडतंय!"

त्या वर्षी मार्चमध्ये सतरा नंबरची बॅच निघाली. थंड खोलीचं मशीन बंद पडलं, दुरुस्ती लांबली, आणि सगळे खोके पत्र्याच्या शेडमध्ये रचले गेले. मे महिन्यात त्या शेडमध्ये माणूस पाच मिनिटं उभा राहत नव्हता. "सर, आतले मरतील सगळे," असं उन्नतीने मालकाला, विनीतसरांना, दोनदा सांगितलं. "बघू, बघू," ते म्हणाले.

ऑक्टोबरात तिने त्या बॅचची तपासणी केली. लाल रंग घातलेल्या थाळीत रायझोबियम पांढरट, चिकट ठिपक्यांसारखा उगवतो. तो रंग फारसा शोषत नाही. थाळीत उगवलं ते सगळं लालभडक, भलतंच काहीतरी. तिने तीनदा करून पाहिलं. रजिस्टरमध्ये लिहिलं, "बॅच सतरा, नापास," आणि खाली सही केली. माल फेकला जाणार असं ती धरून चालली. तिथेच तिची चूक झाली.

डिसेंबरच्या शेवटी एका दुपारी गेटवर आरडाओरडा ऐकू आला. वॉचमन एका बाईला अडवत होता. साठीची, काटक, डोक्यावर पदर, हातात ओल्या फडक्याचं गाठोडं.

"मी बदलापूरच्या पुढून आलंय, इंदुबाय माजं नाव! पत्ता हितलाच हाय ना पाकिटावर? मंग मालकाला बोलव!"

उन्नती बाहेर आली. इंदुबाईंनी फडकं तिच्यासमोर जमिनीवरच सोडलं. आत वालाची उपटलेली रोपं होती, दोन जुड्या.

"ही वरच्या शेतातली. थितं काय बी लावलं नाय. नि ही खालच्या शेतातली, तुमचं पाकीट लावलेली. आता तूच सांग, बाय."

खालच्या शेताची माती पुरात वाहून गेली होती, तिथे बाहेरून मुरमाड माती आणून टाकली होती. भात कसंबसं आलं. वालाचं बी पेरताना दुकानदार म्हणाला, नव्या मातीत जिवाणू नसतात, हे पाकीट लावा, मुळांना गाठी येतील. इंदुबाईंनी गुळाच्या पाण्यात भुकटी कालवली, बी चोळलं, सावलीत सुकवलं, त्याच दिवशी पेरलं. सगळं सांगितल्याबरहुकूम.

उन्नती खाली बसली. वरच्या शेतातल्या मुळांवर गाठीच गाठी. तिने एक नखाने फोडली: आत मांसासारखी गुलाबी. म्हणजे आत काम चालू. खालच्या शेतातली रोपं पिवळी, गुडघ्यालाही न लागणारी. मुळं स्वच्छ, गुळगुळीत. एका रोपावर दोन बारक्या गाठी सापडल्या, त्याही आतून पांढऱ्या, निकामी.

"पाकीट आहे का?"

इंदुबाईंनी कमरेची पिशवी उघडली. बॅच सतरा. छापलेल्या तारखेवर नवी तारीख चिकटवलेली. सोबत दुकानदाराने दिलेला तपासणीचा कागद, "पास", आणि खाली उन्नतीची सही. दुसऱ्या कुठल्यातरी कागदावरून उचललेली.

उन्नती तो कागद घेऊन उठली. या बाईने आपल्यावर, आपल्या नावावर विश्वास ठेवून शेत पेरलं.

ती सरळ केबिनमध्ये गेली. दार वाजवलं नाही.

"ही सही माझी नाही."

विनीतसरांनी कागद पाहिला. "मॅडम, बसा. शांत व्हा. प्रोसिजर असते ती."

"नापास लिहिलं होतं मी! तीनदा थाळ्या लावल्या होत्या!"

"अहो, कोणाला दिसतात ते जंतू? मेले तरी मातीतच जातात ना? खतच झालं."

"मेलेला जिवाणू गाठ नाही धरत, सर. मूळ हाक मारतं आणि तिकडे कुणीच नसतं! बाहेर या, बघा त्या बाईची रोपं!"

"आवाज खाली. अकरा वर्षं पगार खाल्लाय इथला."

"काम करून खाल्लाय!" ती इतक्या जोरात ओरडली की पॅकिंगच्या बायका हात थांबवून बघत राहिल्या. तिने लॅबमध्ये जाऊन रजिस्टरच्या पानांचे फोटो काढले, बॅच सतराची चार सीलबंद पाकिटं पिशवीत टाकली आणि ॲप्रन टेबलावर ठेवून बाहेर पडली.

गेटवर इंदुबाई अजून उभ्या होत्या. उन्नती म्हणाली, "मावशी, माझं चुकलं. लिहून मी गप्प बसले."

"चुकलं तर चुकलं," इंदुबाई फणकारल्या. "माजा वाल काय तुज्या माफीवर फुलनार हाय? म्होरं काय करतेस ते बोल."

दोघी रिक्षा करून थेट कृषी कार्यालयात गेल्या. तक्रार लिहून द्यायला तासभर लागला. वाटेत उन्नतीने सांगितलं की पुढच्या खेपेला वरच्या शेतातली गाठींच्या मुळाखालची माती टोपल्यांनी आणून खालच्या शेतात मिसळा, बियाण्यालाही लावा. त्या मातीत जिवंत आहेत ते. इंदुबाई म्हणाल्या, "माती तर माज्या बापाची हाय, तिला सही नको."

त्या हंगामात खालच्या शेतात वाल झालाच नाही. गुरांना घातला. उन्नतीची नोकरी गेली. आता ती कॅम्प तीनमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. अधिकाऱ्यांनी दुकानातून पाकिटं उचलली, नमुने पाठवले, बॅच सतराची विक्री थांबवली. पण तोवर बहुतेक पाकिटं शेतांत जाऊन पडली होती, आणि कारखाना नव्या नावाने चालू असल्याचं पॅकिंगच्या एका बाईने तिला फोनवर सांगितलं.

दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी उन्नती अर्धी रजा टाकून तक्रारीच्या चौकशीला कृषी कार्यालयात जाते. मागच्या वेळी नव्याने आलेला कारकून फाईल न उघडताच म्हणाला, "मॅडम, तुमचं तर काही नुकसान झालेलं नाही. कशाला हेलपाटे घालता?"

"त्या 'पास'च्या कागदाखाली माझं नाव लिहिलंय," उन्नती म्हणाली. "उघडा फाईल."